उभी काच, आडवा हात

टॅबलेटला माउस जोडावा का, हा प्रश्न वरवर पाहता दुकानदाराला विचारण्याजोगा आहे, आणि दुकानदार त्याचे उत्तर दोन वाक्यांत देतोही. ब्लूटूथचा असेल तर सेटिंगमध्ये जाऊन जोडा, तारेचा असेल तर ओटीजी घ्या. पण या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला आहे. जी काच मुळातच बोटासाठी घडवली, तिच्यापुढे साठ वर्षांपूर्वीचे साधन पुन्हा आणून ठेवायचे, तर त्याला सोय म्हणायचे की माघार? याबद्दल लोक दोन्ही बाजूंनी हिरिरीने बोलतात, आणि बहुतेक वेळा एकमेकांचे न ऐकता बोलतात. आपल्याकडच्या शास्त्रग्रंथांत वाद मांडण्याची एक जुनी रीत आहे: आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी उभा करायचा आणि मगच उत्तरपक्षाने तोंड उघडायचे. इथे तीच रीत वापरली आहे. माझा कौल उत्तरपक्षाकडे आहे, हे आधीच सांगून टाकतो. तरी पूर्वपक्षाला मुद्दाम दुबळे केलेले नाही, आणि एका ठिकाणी तर त्याचे म्हणणे मला पुरते खोडताही आलेले नाही.

पूर्वपक्ष : टॅबलेटची सारी थोरवी यातच आहे की मध्ये कोणी नाही. जे दिसते त्यालाच हात लावायचा. चित्र मोठे हवे, दोन बोटे फाकवा. पान उलटायचे, बोटाने सरकवा. ज्याने जन्मात संगणक हाताळला नाही तो माणूसही हे चटकन शिकतो, आणि लहान मूल तर कोणी न शिकवता शिकते. माउसचे तसे नाही. हात टेबलावर, नजर पडद्यावर, आणि दोहोंच्या मध्ये एक बाण. तो आधी शोधायचा, मग हाकत न्यायचा, मग बटण दाबायचे. ही कसरत आपण कित्येक वर्षे केली, कारण दुसरी वाट नव्हती. २००७ मध्ये आयफोन आला, २०१० मध्ये आयपॅड आला आणि ती वाट सापडली. आता त्याच काचेपुढे माउस ठेवणे म्हणजे टाकलेले पाऊल मागे घेणे. माउस हवाच असेल तर सरळ लॅपटॉप घ्या ना. त्यांचा काही दुष्काळ पडलेला नाही.

उत्तरपक्ष : तुम्ही सांगता तो क्रम इतिहासात सापडत नाही. पडद्याला थेट हात लावण्याची कल्पना माउसच्या पाठीमागून आलेली नाही. तिचे पहिले अवतार माउसच्याही आधीचे आहेत. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या ‘सेज’ या हवाई संरक्षण यंत्रणेत पडद्यावरचे विमान निवडायला प्रकाशबंदूक असे. ती ठिपक्यावर रोखायची आणि चाप ओढायचा. १९६३ मध्ये आयव्हन सदरलंड यांनी एमआयटीत ‘स्केचपॅड’ हा चित्रे काढण्याचा प्रोग्राम दाखवला, तो प्रकाशलेखणीने चालत असे. बोटाने चालणाऱ्या पडद्याविषयीचा लेख इंग्लंडमध्ये माल्वर्न इथल्या रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटच्या ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्ये छापला. आणि डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये लाकडी ठोकळ्याचा पहिला माउस बनवला तो १९६४ चा. म्हणजे बोट आणि माउस हे आजोबा-नातू नव्हेत, समवयस्क आहेत. एवढेच नाही, त्यांची समोरासमोर परीक्षाही झालेली आहे. १९६७ मध्ये एंगलबार्ट, इंग्लिश आणि त्यांचे सहकारी यांनी एक तुलना प्रसिद्ध केली. पडद्यावरच्या मजकुरातले नेमके ठिकाण कोण लवकर आणि बिनचूक गाठतो, हे त्यांनी पाहिले. स्पर्धेत माउस होता, प्रकाशलेखणी होती, जॉयस्टिक होती. टेबलाखाली गुडघ्याने हलवायचा एक दांडादेखील होता (आणि त्या बिचाऱ्याची कामगिरी वाईट नव्हती). नवख्या माणसांना प्रकाशलेखणी माउसपेक्षा जलद जमली. सरावलेल्यांच्या हाती मात्र माउस सर्वांत वेगवान ठरला आणि चुकाही त्यानेच कमी केल्या. तेव्हा लहान मूल आणि संगणक न पाहिलेला माणूस यांच्याबद्दल तुम्ही म्हणता ते खरेच आहे. पण ते नवखेपणापुरते खरे आहे, आणि नवखेपण फार दिवस टिकत नाही. रोज चार-चार तास तक्ते भरणारा, हिशेब तपासणारा, मुद्रिते वाचणारा माणूस पहिल्या दिवशी काय सोपे वाटले होते यावर साधन ठरवत नाही.

पूर्वपक्ष : साठ वर्षांपूर्वीच्या प्रयोगावर आजच्या काचेचा निवाडा करता? ती प्रकाशलेखणी तारेला लटकलेली, तो पडदा जाड काचनळीचा आणि लुकलुकणारा. आजची काच बोटाचा स्पर्श विद्युतधारकतेने ओळखते, एकाच वेळी दहा बोटे मोजते. शिवाय प्रयोगच हवे असतील तर माझ्याकडेही आहेत. मेरीलंड विद्यापीठात अँड्र्यू सीअर्स आणि बेन श्नायडरमन यांनी १९९१ मध्ये स्पर्शपडदा आणि माउस यांची तुलना केली. प्रोग्रामने बोटाचा थरथराट थोडा सावरून घेतला, तर अगदी बारीक लक्ष्यांवरही बोट माउसच्या बरोबरीने चालते, असे त्यांना आढळले. हे तर जुन्या पडद्यावरचे. मग बोट जाडे, बोट अचूक नाही, ही तक्रार उरतेच कुठे?

उत्तरपक्ष : तो प्रयोग मी मानतो, माझ्या बाजूच्या लोकांनी तो अधिक वेळा वाचायला हवा. पण बोटाला ती अचूकता मिळाली कशी, हेही पाहू. त्याच गटाने १९८८ मध्ये जी युक्ती काढली होती तिच्यात बोट काचेवर टेकले की बोटाच्या थोडे वर एक खूण उमटत असे. बोट सरकवून ती खूण लक्ष्यावर न्यायची, आणि बोट उचलले की निवड पक्की. म्हणजे निवड बोटाखालच्या जागेची होत नव्हती. बोटाने हाकलेल्या खुणेखालच्या जागेची होत होती. काचेवर बोटाने चालणारा माउसच म्हणा ना त्याला! बोटाची खरी अडचण जाडी एवढीच नाही. पॉट्सडॅमच्या हासो प्लाटनर इन्स्टिट्यूटमधल्या क्रिस्टियान होल्ट्स आणि पॅट्रिक बाउडिश यांनी २०१० आणि २०११ मध्ये दाखवले की माणूस नेम धरतो तो बोटाच्या वरच्या बाजूने, म्हणजे नखाकडून दिसणाऱ्या आकाराने. आणि काचेला कळतो तो खाली टेकलेला मांसल भाग. या दोहोंत दर वेळी थोडे अंतर पडते, बोट तिरपे झाले की ते बदलते, आणि प्रत्येकाची नेम धरण्याची तऱ्हाही वेगळी. वर आणखी गंमत अशी की ज्याच्यावर नेम धरायचा तेच बोटाखाली झाकले जाते. म्हणून तर गूगल आपल्या ॲप बनवणाऱ्यांना सांगते की दाबायची जागा सुमारे नऊ मिलिमीटरपेक्षा लहान ठेवू नका. नऊ मिलिमीटरच्या चौकोनात छापील मराठी मजकुराच्या दोन ओळी सहज मावतात.

आता वेगाचे कारण पाहू. ओहायोतले मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये हाताच्या हालचालीचा एक नियम मांडला. लक्ष्य जितके दूर आणि जितके लहान, तितका हात तिथे पोहोचायला वेळ लागतो. अंतर दुप्पट झाले काय आणि लक्ष्य निम्मे झाले काय, वेळेतली वाढ सारखीच. १९७८ मध्ये स्टुअर्ट कार्ड, बिल इंग्लिश आणि बेटी बर यांनी झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत हा नियम लावून पाहिला, तेव्हा त्यांना दिसले की माउसचा वेग जवळजवळ माणसाच्या नुसत्या हाताच्या वेगाइतकाच आहे, मध्ये यंत्र आल्याचा दंड नगण्य. आणि माउसला एक सवलत आहे जी बोटाला कधीच मिळत नाही. माउस ‘मी इथे आहे’ असे यंत्राला सांगतच नाही. ‘मी एवढा सरकलो’ इतकेच सांगतो. त्या सरकण्याचा अर्थ किती मोठा घ्यायचा हे यंत्र ठरवते: झपकन सरकवला तर बाण पडदा ओलांडतो, हळूच ढकलला तर केसभर हलतो. बोटाचे एक इंच म्हणजे काचेवर एकच इंच, ना कमी ना जास्त. वहीच्या आकाराच्या तक्त्यात दोन रकान्यांमधली रेघ पकडायची असते तेव्हा हा फरक कळतो.

पूर्वपक्ष : बरे, बारीक कामाला बोट अपुरे पडते असे समजू. पण त्यावरचे उपाय स्पर्शाच्या घरातच आहेत. मजकुरावर बोट दाबून धरा, भिंग उघडते. कीबोर्डवरची स्पेसपट्टी दाबून सरकवा, कर्सर अक्षरागणिक पुढे-मागे जातो. चित्र काढायचे तर लेखणी आहे. या साऱ्यासाठी टेबल लागत नाही, तार लागत नाही, चटई लागत नाही.

उत्तरपक्ष : हेच उपाय माझ्या बाजूची साक्ष देतात. भिंग का लागले? बोटाखाली काय चालले आहे ते बोटाच्या धन्याला दिसत नाही म्हणून. आयफोनमध्ये ते सुरुवातीपासून होते. २०१९ मध्ये ॲपलने ते काढून टाकले आणि २०२१ मध्ये पुन्हा आणले. अँड्रॉइडने ते २०१८ मध्ये घेतले. आणि स्पेसपट्टी सरकवून कर्सर हलवणे म्हणजे काय? हात एका ठिकाणी, परिणाम दुसऱ्या ठिकाणी, आणि ‘किती सरकलो’ एवढाच निरोप. आयपॅडवर २०१५ पासून कीबोर्डवर दोन बोटे टेकवली की अख्खा कीबोर्ड लॅपटॉपच्या ट्रॅकपॅडसारखा वागू लागतो. ज्यांनी माउस हद्दपार केला असे तुम्ही म्हणता, त्यांनीच त्याचे तत्त्व काचेच्या आत, कीबोर्डच्या पोटात, गुपचूप बसवले. मग तेच तत्त्व टेबलावर उघडपणे ठेवले तर बिघडले कुठे? लेखणीचे म्हणाल तर चित्रासाठी, हस्ताक्षरासाठी, नकाशावर खुणा करण्यासाठी तिला तोड नाही, आणि तिथे मी माउस सुचवणारही नाही. पण लेखणीलाही काच मांडीवर किंवा टेबलावर आडवी लागते.

मराठी मजकुराच्या उदाहरणावरून हे अधिक स्पष्ट होईल, कारण आपल्या लिपीत ओळीच्या वर आणि खाली दोन्हीकडे महत्त्वाचा ऐवज असतो. ‘मिळून’मधला ‘मि’ चुकून दीर्घ पडला आहे, किंवा एखाद्या शब्दावर अनुस्वार राहिला आहे. बोटाने तिथे टेकायला गेले की वरच्या ओळीतले उकार आणि खालच्या ओळीतल्या वेलांट्या बोटाखाली जातात, आणि कर्सर बहुतेक वेळा शेजारच्या अक्षरात किंवा शब्दाच्या टोकाला जाऊन बसतो. मग आणखी एकदा टेकायचे; तेवढ्यात टेकण्याऐवजी दाबले गेले तर अख्खा शब्द निवडला जातो आणि ‘कॉपी, पेस्ट’ची पट्टी वर येते. पानभर मजकुरात अशा वीस दुरुस्त्या असल्या की काम दुरुस्तीचे राहत नाही, नेमबाजीचे होते. माउसचा कर्सर मजकुरावर उभ्या रेघेसारखा बारीक होतो आणि काहीच झाकत नाही. मात्र त्याच्याकडून भलत्या अपेक्षाही करू नयेत. जोडाक्षराच्या मध्ये तो सहसा शिरू शकत नाही, कारण यंत्र कर्सरसाठी अख्खे अक्षर एकसंध मानते. ‘क्ष्य’ दुरुस्त करायचा तर त्याच्या शेवटी जायचे आणि मागे खोडत यायचे, हे माउसने काय नि बोटाने काय, सारखेच. माउस तुम्हाला योग्य अक्षराच्या दाराशी नेऊन सोडतो; पुढचे काम कीबोर्डचे.

पूर्वपक्ष : तुम्ही सारखे टेबलाकडे, कीबोर्डकडे येता. टॅबलेट हे हातात धरायचे साधन आहे. सोफ्यावर, गाडीत, स्वयंपाकघराच्या ओट्याशी. तुम्ही त्याला टेबलाशी बांधता आणि मग म्हणता की त्याला माउस लागतो!

उत्तरपक्ष : बांधत मी नाही, लोकांनी ते आधीच टेबलावर उभे केले आहे. कव्हरची घडी घालून टॅबलेट तिरपा उभा करण्याची सोय नसलेले कव्हर आता शोधावे लागेल. आणि माझ्या मते सगळा वाद इथेच सुटतो. टॅबलेट हातात किंवा मांडीवर असताना बोट राजा आहे, त्यात मला तिळमात्र शंका नाही. पण तो टेबलावर उभा राहिला की काचेची आणि हाताची नाती बदलतात. फळ्यावर दिवसभर लिहिणाऱ्या शिक्षकाचा खांदा संध्याकाळी काय म्हणतो, हे त्यांना विचारा. वहीत तितकेच लिहिणाऱ्या कारकुनाचा खांदा ते म्हणत नाही. १९८३ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डने एचपी-१५० हा संगणक आणला होता. त्याच्या पडद्याभोवती अवरक्त किरणांचे जाळे होते आणि बोटाने ते तुटले की यंत्राला जागा कळे. टेबलावरच्या कामात स्पर्शाची ती रीत रुजली नाही. समोरच्या उभ्या पडद्यावर सतत हात उचलून काम केल्याने जो थकवा येतो त्याला संगणकवाल्यांच्या बोलीत ‘गोरिलाचा हात’ असे नावच पडले. आणि तुमच्या बाजूचा सर्वांत मोठा साक्षीदार, स्टीव्ह जॉब्ज, आयपॅड आणला त्याच वर्षी, २०१० च्या ऑक्टोबरमध्ये, मॅकला स्पर्शपडदा का देत नाही ते सांगताना हेच म्हणाला होता: स्पर्शाला पृष्ठभाग आडवा हवा, उभ्या पडद्यावर काही वेळाने हात गळून जातो. त्याचा तर्क मॅकपुरता होता, पण तर्काला कंपनीचे वर्गीकरण कळत नाही. कीबोर्ड लावून उभा केलेला आयपॅड आणि मॅकबुक यांच्या काचेचा कोन एकच असतो. खांद्याला तेवढेच कळते.

पूर्वपक्ष : पण दोन गोष्टी एकत्र केल्या की दोन्ही बिघडतात, याचा पुरावा मायक्रोसॉफ्टने दिला आहेच. २०१२ चे विंडोज ८ आठवा. बोटासाठीच्या मोठाल्या फरशा आणि माउससाठीचा जुना डेस्कटॉप एकाच यंत्रात कोंबले. लोकांना स्टार्टचे बटण सापडेना. वर्षभरात ते बटण परत आणावे लागले आणि २०१५ च्या विंडोज १० मध्ये स्टार्ट मेनूच परत आला. संकराची ही गत होते.

उत्तरपक्ष : विंडोज ८ मध्ये जे झाले त्याची दिशा पाहा. कोट्यवधी लोक माउस घेऊन बसले होते आणि त्यांच्यापुढे बोटाची मांडणी ठेवली गेली. पडद्याच्या कोपऱ्यात लपलेली कामे त्यांना माउसने चाचपडत शोधावी लागली. जे हातात आहे ते काढून घेण्याचा तो प्रयोग होता. टॅबलेटला माउस जोडताना कोणाचे काही काढून घेतले जात नाही: बोट जिथे होते तिथेच राहते, माउस लावला की बाण येतो, काढला की जातो. हे नीट कसे करायचे, याचा ॲपलचा प्रवास अधिक बोधप्रद आहे, कारण तो नाखुशीने सुरू झाला. २०१९ च्या आयपॅडओएस १३ मध्ये माउस पहिल्यांदा चालू लागला तो दिव्यांगांसाठीच्या सेटिंगमध्ये, एका कोपऱ्यात. पडद्यावर एक जाडजूड वर्तुळ येई आणि माउसचे बटण म्हणजे बोटाचा टेका, इतकीच त्याची समज होती. २०२० च्या मार्चमध्ये १३.४ आवृत्तीत ते वर्तुळ मुख्य दारातून आले: बटणाजवळ गेले की बटणाचाच आकार घेई, मजकुरावर गेले की रेघ होई, काही काळ हलवले नाही तर नाहीसे होई. आणि २०२५ च्या आयपॅडओएस २६ मध्ये खिडक्या आल्या तेव्हा वर्तुळ जाऊन साधा टोकदार बाण आला. बोटाची नक्कल करण्यापासून सुरुवात करून ते सहा वर्षांत १९७० च्या दशकातल्या बाणापाशी पोहोचले. अँड्रॉइडने हा घोळ घातलाच नाही. २०११ च्या ३.१ आवृत्तीपासून माउस लावला की बाण दिसतो. पण तिथे वेगळ्या खोड्या आहेत. काही टॅबलेटांवर उजवे बटण मेनू उघडण्याऐवजी ‘मागे’ नेते, आणि जी ॲप केवळ बोटासाठी लिहिली आहेत त्यांत यादी सरकवायला माउसचे बटण दाबून ओढावे लागते.

त्या दिव्यांगांसाठीच्या कोपऱ्याबद्दल थोडे थांबून सांगितले पाहिजे. ज्यांच्या हाताला कंप आहे, ज्यांचा हात काचेपर्यंत उचलतच नाही, ज्यांना बोटांऐवजी तळहाताने किंवा डोके हलवून काम करावे लागते, त्यांच्यासाठी ‘मध्ये कोणी नाही’ हा तुमचा गुण म्हणजे बंद दार आहे. माउस, ट्रॅकबॉल, डोक्याच्या हालचालीवर चालणारी साधने ही यंत्राशी एकाच ठरलेल्या भाषेत बोलतात, ‘एवढा सरकलो, हे बटण दाबले’. टॅबलेटने ती भाषा एकदा ऐकायला सुरुवात केली की ही सारी साधने एकदम चालू लागतात. माउसचा आधार हा केवळ कार्यालयीन कामाचा हट्ट नाही, याचा मला याहून मोठा पुरावा सुचत नाही.

पूर्वपक्ष : ठीक. पण मी सुरुवातीला विचारले होते त्याला तुम्ही बगल दिलीत. इतका खटाटोप करायचा तर लॅपटॉप का नको?

उत्तरपक्ष : ज्याला परवडतो त्याने जरूर घ्यावा. पण अनेक घरांत निवड करण्याची वेळच येत नाही. टॅबलेट आधीच घरात आलेला असतो. नागपूरच्या महाज्योती संस्थेने जेईई, नीट आणि एमएचटी-सीईटीच्या तयारीसाठी विद्यार्थ्यांना टॅबलेट दिले, सोबत इंटरनेटचा डेटाही. व्याख्याने पाहायला, पुस्तके वाचायला ते उत्तम. आता परीक्षा कशी होते पाहा. जेईई मेन संगणकावर होते, आणि २०१९ पासून एमएचटी-सीईटीही. केंद्रावर विद्यार्थ्यापुढे उभा पडदा आणि माउस असतो. जेईई मेनमध्ये तर कीबोर्डला हात लावायचा नसतो. संख्येत द्यायचे उत्तर पडद्यावरच्या अंकपट्टीवर माउसने एकेक अंक दाबून भरायचे. ज्याने दोन वर्षे सारा अभ्यास बोटाने केला, त्याचा माउसशी खरा परिचय घड्याळ चालू असताना होतो. पुढचा प्रश्न, ‘पुनर्विचारासाठी ठेवा’, प्रश्नक्रमांकांची जाळी, सगळे माउसने. एंगलबार्ट यांच्या प्रयोगातला नवखा आणि सरावलेला यांच्यातला फरक इथे गुणांत मोजला जातो. काहीशे रुपयांचा तारेचा माउस आणि एक ओटीजी जोडणी एवढ्यात ही उणीव भरून निघते, कारण सराव परीक्षा ब्राउझरमध्ये उघडते आणि टॅबलेटवर माउसने सोडवता येते. ओटीजीचे रहस्यही साधेच आहे. एरवी टॅबलेट संगणकाला जोडला की तो पाहुणा असतो; जुन्या मायक्रो-यूएसबीच्या ओटीजी तारेत चौथा पिन जमिनीला जोडलेला असतो, त्यावरून टॅबलेटला कळते की आता यजमान आपण, वीजही आपणच पुरवायची. टाइप-सी मध्ये हेच काम दुसऱ्या दोन पिना करतात.

पूर्वपक्ष : आणि मनगट? माउस वापरणाऱ्यांच्या मनगटाच्या तक्रारी तुम्ही ऐकल्या नसतील असे नाही.

उत्तरपक्ष : ऐकल्या आहेत आणि खऱ्या आहेत. खांद्याचा भार मनगटावर टाकणे हा काही इलाज नव्हे. म्हणूनच दोन्ही हाताशी असावीत: यादी सरकवायची, चित्र मोठे करायचे, होकाराचे मोठे बटण दाबायचे तेव्हा हात उचलून बोट लावा, रकाना, अक्षर, कोपरा पकडायचा तेव्हा माउस. बहुतेक लॅपटॉपना स्पर्शपडदा नसतो, त्यामुळे ही अदलाबदल टॅबलेटवरच सर्वांत सहज होते. तुम्ही ज्याला संकर म्हणता तोच इथे हाताला विसावा देतो.

पूर्वपक्ष : आता माझा शेवटचा आणि खरा मुद्दा. तुम्ही वापरणाऱ्याचे बोलता, मी बनवणाऱ्याचे बोलतो. आज टॅबलेटचे ॲप लिहिणाऱ्याला माहीत असते की समोर बोटच आहे, म्हणून तो बटणे मोठी ठेवतो, कामे कमी ठेवतो, काहीही लपवत नाही. उद्या त्याला कळले की बऱ्याच जणांकडे माउस आहे, की तो बटणे लहान करील, बाण नुसता वर नेल्यावर उघडणारे मेनू आणील, उजव्या बटणात निम्मी कामे दडवील. बोट काचेवर नुसते तरंगू शकत नाही. त्याला टेकलेले आणि न टेकलेले एवढेच कळते. मग ज्याच्याकडे माउस नाही, त्याच्या हातचे साधन हळूहळू निकामी होईल. तुमची सोय म्हणजे माझे नुकसान.

उत्तरपक्ष : याला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. अर्धे आहे. यंत्राला प्रत्येक टेक्यामागे बोट आहे की माउस हे कळते, आणि संकेतस्थळालाही विचारता येते की समोरचे साधन जाडे आहे की बारीक. त्याप्रमाणे मांडणी बदलता येते. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस २०१३ मध्ये स्पर्श आणि माउस यांसाठी बटणांमधली मोकळी जागा कमी-जास्त करण्याची कळच होती. संकेतस्थळांच्या सुलभतेचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांच्या २०२३ च्या आवृत्तीत दाबायच्या जागेचे किमान माप २४ पिक्सेल ठरले आहे. पण ते किमान माप बोटाच्या दृष्टीने तोकडेच आहे, आणि करता येते म्हणून लोक करतातच असे नाही. आळशी ॲपवाला तुम्ही म्हणता तसेच करील, काहींनी केलेही आहे. तेव्हा माउसची बाजू घेणाऱ्या माझ्यासारख्यांवरच एक जबाबदारी येते. शाळा, बँक किंवा सरकारी खाते एखादे ॲप किंवा अर्ज टॅबलेटसाठी म्हणून घेत असेल, तर तो आधी माउस काढून, उभ्या-आडव्या दोन्ही काचांवर, नुसत्या बोटाने शेवटपर्यंत भरून पाहावा. एकही खिडकी अशी निघाली की जिच्यातले बटण बोटाला सापडत नाही, तर ते ॲप परत पाठवावे, आणि ‘माउसने तर चालते’ हे उत्तर स्वीकारू नये.